राजीखुशीने, अक्कलहुशारीने

माझे वडील, नाना, अमळनेरला दस्तलेखक होते. कचेरीच्या आवाराबाहेर निंबाखाली एक लाकडी पेटी, पेटीमागे सतरंजी, समोर गिऱ्हाइकाला बसायला बाक. पुढे पत्र्याची टपरी झाली, मराठी टाइपरायटर आला आणि शेवटच्या काही वर्षांत भाच्याच्या भरवशावर कॉम्प्युटरही आला. खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोड, मृत्युपत्र असे 38 वर्षांत किती दस्त लिहिले याची मोजदाद त्यांनीही ठेवली नाही. पण दस्त कुठलाही असो, शेवटाकडे एक वाक्य ठरलेलं असायचं: हा लेख मी माझ्या राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दाबदडपणाला बळी न पडता लिहून दिला आहे.

लहानपणी शाळा सुटली की मी पेटीशेजारी बसून गृहपाठ करायचो, त्यामुळे हे वाक्य मला पाढ्यांसारखं पाठ होतं. त्यातला खोटेपणाही लवकरच कळला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या बहिणींना भाऊ दुपारी कचेरीत घेऊन यायचे आणि हक्कसोडावर सह्या घ्यायचे. त्या बहिणी किती राजी आणि किती खूश असायच्या, हे बाकावरच्या आम्हा सगळ्यांना दिसायचं. दस्तात मात्र 'राजीखुशीने' असंच लिहिलं जायचं.

'राजीखुशी' नानांच्या हातात नव्हती. 'अक्कलहुशारी' मात्र ते स्वतः तपासायचे. म्हाताऱ्या आईला किंवा बापाला मृत्युपत्रासाठी घेऊन मुलं आली की नाना आधी मुलांकडे बघून म्हणायचे, "पोरेसहोन, च्या पी या." मुलं जागची हलेनात तर स्वतःच्या खिशातून चहाचे पैसे काढून द्यायचे. मुलं टपरीआड झाली की म्हातारीशी अहिराणीत गप्पा सुरू व्हायच्या. बाजार होऊन गेला की व्हायचाय? मोठ्या बहिणीचं सासर कुठलं? विहिरीला पाणी किती परसावर लागलं होतं? या विचारपुशीत शेवटी एक प्रश्न हमखास असायचा: "देई टाकं, मंग तू कथा ऱ्हाशी?" म्हणजे, देऊन टाकलंस, मग तू राहशील कुठे?

या प्रश्नाचं उत्तर धड आलं की नाना कागद ओढायचे, नाही आलं तर म्हणायचे, "पुढल्या आठवड्यात या." आपल्याकडे 2017 साली मानसिक आरोग्य सेवा कायदा आला. निर्णय घ्यायची क्षमता ओळखायची कशी, ते त्यात सांगितलं आहे: दिलेली माहिती समजते का, त्या निर्णयाचे परिणाम कळतात का, निर्णय बोलून किंवा खुणेने सांगता येतो का. तो मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला निंबाखालचा बाक आठवला. नानांनी तो कायदा कधी वाचला नाही. कचेरीत अंगठ्याचा ठसा घेणारं यंत्र आलं तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "अंगठ्याला अक्कल नसते."

आज नाना 76 वर्षांचे आहेत आणि त्यांना अल्झायमर आहे.

त्यांच्या डोक्यात मशीन बसवायचं का, हा प्रश्न आमच्या घरात शिरला तो मामांमुळे. मामा पारोळा तालुक्यातले, कपाशीवाले. नऊ वर्षं त्यांना पार्किन्सन होता. गोळीचा अंमल असेपर्यंत माणूस ठीक, अंमल उतरला की हात असा थरथरायचा की बशीतला चहा बनियनवर. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की मेंदूत तारा घालता येतील. रस्त्याकडची दीड एकर जमीन विकली आणि मुंबईला जाऊन ऑपरेशन केलं. डोक्याला धातूची चौकट आवळलेली आणि मामा पूर्ण जागे. कवटीला दोन भोकं, त्यांतून सव्वा मिलिमीटर जाडीची एकेक तार खोल आत. तिथून कानामागून, मानेच्या कातडीखालून खाली छातीपर्यंत वायर आणि हसळीच्या हाडाखाली काडेपेटीएवढी बॅटरी. मी धुळ्याला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो, म्हणून मामांनी मलाच विचारलं, "आत नेमकं काय चाललंय रे?" मी सांगितलं, सेकंदाला साधारण 130 वेळा विजेची बारीक टिचकी बसते. ते म्हणाले, "बसू दे." आणि भरलेला पेला उचलून, एक थेंब न सांडता प्यायले. मामी रडायला लागली.

हा उपचार नवा नाही. ग्रेनोबलमध्ये आलीम-लुई बेनाबिद यांनी 1987 साली कंप थांबवायला मेंदूत सतत वीज देण्याची ही रीत सुरू केली आणि पुढे जगभर हजारो पार्किन्सनच्या रुग्णांना तिचा फायदा झाला. मामांच्या पेल्याविषयी मला कसलीच शंका नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून मी यंत्रांच्या विरोधात आहे असा कुणाचा समज व्हायला नको.

तर, ती दीड एकर विकली त्याचं खरेदीखत नानांनीच लिहिलं. त्यात चतुःसीमा चुकली. पूर्वेला नाला आणि पश्चिमेला गाडरस्ता असं हवं होतं, ते उलटं पडलं. दुय्यम निबंधकांच्या कचेरीतल्या कारकुनाने दाखवून दिलं आणि सगळे हसले, नानाही हसले. नानांच्या हातून चतुःसीमा चुकते म्हणजे काय, हे त्या दिवशी आमच्यातल्या एकालाही उमगलं नाही. मामांचं ऑपरेशन झालं आणि त्याच कागदावर नानांचं दुखणं पहिल्यांदा उमटलं.

पुढचं मी भराभर सांगतो, कारण ज्यांच्या घरात हे झालंय त्यांना ते ठाऊक आहे. नाना बोरी नदीच्या पुलावरून घराकडे न वळता भलतीकडेच चालत गेले. शेवभाजी खाऊन तासाभराने जेवायचं राहिलंय म्हणून मायवर चिडले. मधल्या नातवाला माझं नाव आणि मला त्यांच्या धाकट्या भावाचं. रात्री तीनला उठून टोपी घालायची आणि कचेरीची वेळ झाली म्हणून दार उघडायला लागायचं. देशात साठीपुढच्या सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा 2023 साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. आकडा एवढा मोठा, पण रात्री तीनला कडी धरून उभी राहणारी प्रत्येक घरात एक मायच असते.

धाकटा भाऊ पुण्याला आयटीत आहे. मामांचा पेला त्याने पाहिला होता. एका रविवारी त्याने फोनवर मला विचारलं, "नानांना ते का नाही बसवता येणार?" मग त्याने टोरांटोची गोष्ट सांगितली, आणि ती खरीच आहे. आंद्रेस लोझानो यांच्या चमूने तिथे एका अतिलठ्ठ माणसाच्या मेंदूत, भुकेवर ताबा यावा म्हणून, तारा बसवल्या होत्या. ऑपरेशन चालू असताना वीज सोडली तर तो माणूस एकदम तीस वर्षं मागे गेला. एका बागेत तो मित्रांबरोबर उभा आहे, त्याची तेव्हाची मैत्रीण तिथे आहे. वीज वाढवली तशी बाग आणखी स्पष्ट होत गेली. हे 2008 साली प्रसिद्ध झालं. तार फॉर्निक्स नावाच्या भागाजवळ होती. आठवणींच्या कामातला हा तंतूंचा एक जाडसर जुडगा, आणि लॅटिनमध्ये फॉर्निक्स म्हणजे कमान. हे वाचल्यापासून दगडी दरवाजाखालून जाताना मला दर वेळी तो लठ्ठ माणूस आठवतो.

माणूसच तो, आशा धरणारच. टोरांटोच्या डॉक्टरांनी आधी सहा अल्झायमर रुग्णांवर प्रयोग केला, मग अमेरिका-कॅनडात मिळून 42 जणांवर. सगळ्यांच्या डोक्यात तारा घातल्या; पण निम्म्यांचं यंत्र वर्षभर चालू ठेवलं आणि निम्म्यांचं बंद. कुणाचं चालू, हे रुग्णाला माहीत नाही, तपासणाऱ्याला माहीत नाही. निकाल 2016 साली आला. वर्षाअखेरीला दोन्ही गटांच्या स्मरणशक्तीत म्हणावा असा फरक नव्हता. पासष्टच्या पुढच्यांना थोडा फायदा झाला असावा आणि पासष्टच्या आतल्यांचं उलट बिघडलं असावं, असं आकडे सुचवत होते. भाऊ म्हणाला, "मग? नाना पासष्टच्या वरचेच आहेत." मी मास्तर माणूस. निकाल लागल्यावर पास झालेल्या पोरांची वेगळी तुकडी पाडून वर्गाचा निकाल सांगितला, तर त्याला काय म्हणतात ते मला कळतं. पुढे फक्त पासष्टच्या वरच्यांवर मोठा प्रयोग हाती घेतला गेला, ते योग्यच. पण तो प्रयोग आहे. अल्झायमरवरचा मान्य उपचार म्हणून ही तार आज कुणी घालत नाही. उलट पार्किन्सनमध्ये ती घालायच्या आधी बुद्धी शाबूत आहे ना हे बघतात आणि ती फार ढासळलेली असेल तर ऑपरेशन टाळतात. मामांनाही शंभरातून सात-सात वजा करायला लावले होते, घड्याळ काढायला लावलं होतं. मामा पास झाले म्हणून तार मिळाली.

यंत्र चाललं तरी प्रश्न संपत नाहीत, हेही आम्ही मामांमुळेच शिकलो. ऑपरेशननंतर चार महिन्यांनी मामी आमच्याकडे आली आणि ओट्यावर बसून म्हणाली, "हात थांबना, पन जीभ सुटनी." म्हणजे, हात थांबला, पण जीभ सुटली. जन्मभर दोन शब्दांत बोलणारे मामा आता तासन् तास बोलत होते, पाहुण्यांची टर उडवत होते. गरज नसताना दुसरं मोटारसायकल आणलं आणि सारंगखेड्याच्या बाजारात घोड्याचा भाव करून आले. घोडा घेतला नाही, नशीब. डॉक्टर म्हणाले असं होतं कधी कधी, आपण सेटिंग थोडं बदलू. मामा मात्र म्हणाले, "मी असाच बरा शे." पन्नास वर्षांत आपल्याला इतकं मोकळं कधी वाटलं नव्हतं, असं ते मला म्हणाले. आता यातले खरे मामा कोणते? वीज कमी कर म्हणणारी मामी की राहू दे म्हणणारे मामा, कुणाचं ऐकायचं? शेवटी मामीचं ऐकलं. सेटिंग उतरवलं, मामा पुन्हा दोन शब्दांवर आले. मी त्यांना कधी विचारलं नाही, पण मला वाटतं त्यांना त्या घोड्याची आठवण येत असावी.

नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी 2004 साली अशाच एका रुग्णाची हकीकत लिहिली आहे, फार टोकाची. यंत्र चालू असलं की त्या माणसाला उन्माद चढायचा, कर्जं करून ठेवायचा, आणि निर्णय घेण्याच्या लायकीचा उरायचा नाही. बंद केलं की डोकं ठिकाणावर, पण अंग असं आखडायचं की खाटेवरून उठता यायचं नाही. त्यांनी यंत्र बंद करून, शुद्धीतल्या माणसाला विचारलं: बाबा, तुला कसं जगायचंय? त्याने चालू ठेवून मनोरुग्णालयात राहणं पत्करलं. हे वाचताना मला दशरथ आठवला. वर दिला एका वेळच्या दशरथाने, फेडायची वेळ आली दुसऱ्याच दशरथावर. पण त्या माणसाच्या बाबतीत निदान यंत्र बंद केल्यावर विचारता येईल असा कुणीतरी शिल्लक होता. नानांच्या बाबतीत कुठलं बटण बंद करून विचारायचं?

गेल्या आखाजीला सगळे घरी जमलो. पुरणाचे मांडे झाले, निंबाला झोका बांधला होता, नाना त्याच्याकडे पाहत बसले होते, आणि आम्ही माजघरात हा विषय काढला. भावाने एका मोठ्या शहरातल्या डॉक्टरांना विचारून ठेवलं होतं. असा प्रयोग कुठे निघालाच तर नाव घालता येईल का, वगैरे. माय सगळं ऐकून म्हणाली, "लाईट गयी तं काय करशात?" आम्ही हसलो. खरं तर तिचा प्रश्न आमच्यातल्या सगळ्यांत शहाणा होता. साधी बॅटरी काही वर्षांनी संपते आणि बदलायला पुन्हा छाती उघडावी लागते; चार्जिंगवाली असेल तर दर थोड्या दिवसांनी कातडीवरून चार्जर लावून बसावं लागतं. रात्री तीनला टोपी घालणारा माणूस तासभर चार्जर लावून बसेल का? आणि कंपनीच बुडाली तर? कॅलिफोर्नियातली सेकंड साइट नावाची कंपनी अंधांच्या डोळ्यांत कृत्रिम पडदा बसवायची. जगभरात साडेतीनशेच्या वर लोकांनी तो बसवून घेतला. 2020 साली कंपनी बुडायला आली आणि त्या लोकांच्या डोळ्यांतली यंत्रं दुरुस्त करणारं कुणी उरलं नाही. आमच्या गल्लीत बंद पडलेल्या कंपनीचे टीव्ही पडून आहेत; पण टीव्ही माळ्यावर टाकता येतो.

मग बहीण बोलली. ती नंदुरबारला दिलेली, वर्षातून दोनदा येते. आल्या दिवशी नानांनी तिला विचारलं होतं, "तू कोनी अंडेर शे व माय?" कुणाची लेक गं तू? ती म्हणाली, "त्यांना नको असेल. पण मला हवंय. एक महिना तरी त्यांनी मला ओळखावं." तिच्या या वाक्याने सगळे गप्प झालो. आम्ही दोघे भाऊ दोन तास नानांच्या भल्याच्या भाषेत बोलत होतो. खरं ते एकटी तीच बोलली. ओळख आम्हाला हवी होती. नानांना ती हवी आहे असं ते कधी म्हणाले नाहीत. ते तर कुणाचीही लेक असो, तिला डोक्यावर हात ठेवून मांड्याचा तुकडा देत होते.

आणि समजा तार चालली, अर्धवट चालली. बाग स्पष्ट झाली नाही, पण एवढंच कळायला लागलं की आपल्याला काही कळत नाही. पहिल्या दीड वर्षात नानांनी ते भोगलं आहे. टपरीत बसून ते एकच कागद पुन्हा पुन्हा वाचायचे आणि डोळे पुसायचे. आता ते रडत नाहीत. त्यांना त्या दीड वर्षात परत नेऊन बसवायचं, हे कुणाच्या राजीखुशीने?

इथे मला नानांच्या आयुष्यातली एक म्हातारी सांगायला हवी. बोरीकाठच्या एका खेड्यातून ती आली होती. तिला दोन एकर नवऱ्याने टाकलेल्या आपल्या लेकीच्या नावे करायची होती. मुलांना चहाला पाठवून नानांनी विचारपूस केली. बाजार सांगितला, बहिणीचं सासर सांगितलं. शेवटच्या प्रश्नाला मात्र ती म्हणाली, "त्यास्ले इचारनं पडी." त्यांना विचारावं लागेल. 'ते' म्हणजे तिचा नवरा, मरून अकरा वर्षं झालेला. नानांनी कागद मिटला आणि पुढल्या आठवड्यात या म्हणाले. मुलांनी तिला परत आणलीच नाही. लेक पुढे त्याच दोन एकरांत भावांची कपाशी रोजाने वेचायची. नानांनी ही गोष्ट आम्हाला कितीदा सांगितली असेल, आणि दर वेळी शेवटी तेच म्हणायचे: "अक्कल त्या दिवशी नव्हती. इच्छा होती."

म्हणून 'क्षमता नाही, सबब काही करू नये' इतक्यावर मला थांबता येत नाही. दस्त न लिहिणं हाही एक दस्तच असतो, त्याचीही कुणीतरी किंमत मोजतं. ज्यांची बुद्धी ओसरते आहे त्यांच्यावर प्रयोगच करायचे नाहीत असं ठरवलं, तर त्या रोगावर औषध निघणार कुठून? त्या 42 जणांना दुखणं सुरुवातीचं होतं, सही करण्याइतकी समज होती, सोबत घरचं माणूस होतं. त्यांनी स्वतःची कवटी उघडू दिली म्हणून आज मला, धुळ्यात बसून, ही तार अजून पुरेशी नाही एवढं तरी सांगता येतं. त्यांच्यापुढे मी हात जोडतो.

पण मग नानांची इच्छा कोणती? आज जी दिसते ती मी नीट पाहिली आहे. डोक्याला हात लावू देत नाहीत. न्हावी घरी बोलावला तर टोपी दोन्ही हातांनी दाबून धरतात. एमआरआयच्या वेळी पालथे होऊन खाली उतरले, शेवटी झोपेचं औषध देऊन करावा लागला. आता यावर भाऊ म्हणतो, आंघोळीलाही नाहीच म्हणतात, मग आंघोळ घालायचं थांबवतो का आपण? बिनतोड आहे. आंघोळीच्या नाहीला आम्ही जुमानत नाही. पण आंघोळीनंतर अर्ध्या तासात नाना अंगावर ऊन घेत ओट्यावर खूश असतात. कवटीच्या भोकाचं तसं नाही. रक्तस्राव शेकड्यात एखाद-दुसऱ्यालाच होतो म्हणतात. मामांनी तो धोका पत्करला, कारण पेला दिसत होता. इथे समोर पेलाच नाही, आणि टोपी दाबून धरलेले दोन हात आहेत. अक्कलहुशारी त्या हातांत नसेल. तरी ते हात सोडवून पुढे जायचं तर माझ्याकडे फार मोठं कारण हवं, आणि ते माझ्याकडे नाही. बहिणीची ओळख हे कारण मोठं आहे, पण ते नानांचं नाही.

भाऊ अजून पटलेला नाही. त्याला वाटतं मी घाबरतो. घाबरतोही.

मला मात्र वेगळीच गोष्ट छळते. तीन वर्षांपूर्वी निदान झालं तेव्हा नाना चांगले बोलत होते. शंभरातून सात त्यांनी दोनदा बरोबर वजा केले होते. एका दवाखान्यात आम्ही दोघे भाऊ त्यांना घेऊन गेलो. तपासणी झाली आणि डॉक्टर म्हणाले, "आजोबा, तुम्ही जरा बाहेर बसा." नाना टोपी गुडघ्यावर ठेवून बाहेर बाकावर बसले. आत आम्हाला रोगाचं नाव, पुढचे टप्पे, सगळं समजावून सांगितलं गेलं. बाहेर येऊन आम्ही नानांना म्हणालो, "काही नाही, वय झालं." त्यांनी आमच्याकडे पाहिलं, टोपी घातली आणि चालू लागले. ज्या माणसाने 38 वर्षं मुलांना चहाला पाठवून म्हाताऱ्यांना विचारलं, त्यालाच बाहेर बसवून आम्ही मुलांनी ऐकून घेतलं. त्या दिवशी त्यांना रोगाचं नाव सांगितलं असतं, पुढे असं असं होईल, तेव्हा आम्ही काय करावं असं विचारलं असतं, तर त्यांनी नक्की सांगितलं असतं. कदाचित स्वतःच्या हाताने लिहून दिलं असतं. त्याच 2017 च्या कायद्यात अशी सोयही आहे: पुढे शुद्ध हरपली तर माझ्यावर कसे उपचार करा, कसे करू नका, आणि माझ्या वतीने कोण बोलेल, हे माणूस आधी लिहून ठेवू शकतो. त्या कायद्याने मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृतीचे गंभीर बिघाडही घेतले आहेत. गावभराची मृत्युपत्रं लिहिणाऱ्या माणसाकडून एवढं एक लिहून घ्यायचं आम्हाला सुचलं नाही. डॉक्टरांना दोष देऊन काय होणार? बाहेर येऊन 'वय झालं' आम्हीच म्हणालो.

अल्झायमर नावाच्या डॉक्टरांनी 1901 साली फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात ज्या बाईला तपासलं आणि जिच्यामुळे या रोगाला त्यांचं नाव पडलं, त्या ऑगस्टे डेटर यांना त्यांनी नाव लिहायला सांगितलं होतं. बाईंनी 'श्रीमती' लिहिलं आणि पुढचं विसरल्या; प्रत्येक शब्द पुन्हा सांगावा लागला. नानांची सहीही आता तशीच अडते. पहिलं अक्षर झोकदार, दस्तलेखकाचं, आणि मग पेन हवेत.

तत्त्वज्ञान मंदिर आमच्या घरापासून काही फार लांब नाही. 1916 साली प्रताप शेठजींनी गिरणीच्या पैशातून ते उभं केलं, 'मी' म्हणजे कोण याचा विचार करायला लोकांनी यावं म्हणून. कॉलेजात असताना मी त्याच्यावरून सायकल मारत जायचो आणि मला ते हास्यास्पद वाटायचं. आखाजीनंतरच्या एका संध्याकाळी नानांना फिरवताना आम्ही दोघे त्या फाटकापाशी थांबलो. नानांनी फाटकाला हात लावला, आणि कचेरी बंद झाली वाटतं, असं म्हणून परत फिरले.

त्या रात्री मी ठरवलं की उशिरा का होईना, विचारायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी माय झोपलेली, बहीण मुलांना घेऊन बाजारात. ओट्यावर नानांची जुनी पेटी आणून ठेवली, मागे सतरंजी घातली. नाना आपोआप तिच्यामागे जाऊन बसले आणि टोपी सारखी केली. मी समोर बसलो. एका कोऱ्या कागदावर मी मराठीत चार ओळी लिहून आणल्या होत्या: डोक्याला भोक पाडून आत तार घालायची आहे, त्याने आठवणी येतील किंवा येणार नाहीत, दुखेल, जिवालाही धोका आहे, तरी चालेल का? अहिराणीत मोठ्याने वाचून दाखवल्या. नानांनी कागद माझ्या हातातून घेतला. चष्मा नव्हता, तरी बोट ओळींवरून फिरवत शेवटपर्यंत नेलं. ते जिथे नेहमी थांबायचे तिथे, शेवटून दुसऱ्या ओळीखाली, बोट थांबलं. तिथे मी काहीच लिहिलेलं नव्हतं.

"तू कोना पोऱ्या शे रे?" त्यांनी विचारलं.

मी नाव सांगितलं. ओळख पटल्याचं काही दिसलं नाही, पण गिऱ्हाइकाला बघतात तसं त्यांनी मला नीट पाहून घेतलं. मग कागदाची घडी घालून पेटीवर ठेवली आणि आवाज खाली आणून, समजूत घालावी तसं म्हणाले, "ज्याना डोकामा टाकनं शे, त्याले लई ये. आन त्याना पोरेस्ले च्या पेवाले धाडी दे." ज्याच्या डोक्यात घालायची आहे, त्याला घेऊन ये, आणि त्याच्या पोरांना चहा प्यायला धाड.

मी उठलो आणि चहा टाकायला आत गेलो.